कोरडे कॉर्नफ्लेक्स

आमच्या घरात कॉर्नफ्लेक्सचा पहिला खोका आला तो बक्षीस म्हणून. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्याची पट्टी साच्याखाली सरकवायची, पायानं पेडल दाबायचं, वरून मणामणाचं लोखंड खाली येतं आणि पट्टीची वाटी होते, चकती होते, जे हवं ते होतं. दिवसभर हेच. सुरक्षा सप्ताहात त्यांच्या लाइनीवर कुणाला साधं खरचटलंही नाही म्हणून मालकांनी लाइनीतल्या प्रत्येकाला एक पिशवी दिली. पिशवीत टॉवेल, अंगाचा साबण, कानात घालायच्या रबरी बुचांची जोडी आणि हा खोका. बुचं अण्णांनी खुंटीला अडकवली ती तिथंच राहिली, पुढं माझ्या धाकट्या भावानं, बाळूनं, त्यांचा भोवरा करायचा प्रयत्न करून ती हरवली. खोक्यावर पांढऱ्याशुभ्र वाडग्याचं चित्र होतं आणि त्यात आम्ही कधी न पाहिलेलं एक लाल फळ कापून ठेवलेलं होतं. बाळूला वाटलं फळ आत आहे. सगळा खोका परातीत ओतून झाल्यावरही त्याचा विश्वास बसेना, तो रिकाम्या खोक्यात डोकं घालून बघत होता.

आम्ही तेव्हा चिखलीच्या रस्त्याला पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आई-अण्णा उमरग्याकडचे, त्यांच्या बोलण्यातलं गाव शेवटपर्यंत गेलं नाही. आईनं दोन पाकळ्या तोंडात टाकल्या आणि निकाल दिला, "मक्याचे पोहेच की हे. भाजायला जरा जास्त झालेत." पोहे म्हटले की धुवायला हवेत. तिनं ते जवळजवळ सगळे चाळणीत घेतले, नळाखाली दोनदा पाणी फिरवलं, झाकून ठेवले, आणि कांदा, मिरची, मोहरी, हळद घालून खमंग फोडणी केली. ताटात आला तो पिवळा गोळा. बाळूनं तो बोटानं ढोसला आणि मला विचारलं, "ताई, हे आधी कुनी खाल्लंय का गं?" आईचा चेहरा पडला. अण्णा मात्र खाली मान घालून सगळं खाऊन उठले आणि म्हणाले, "मऊ झालेत. बरे झालेत." मला आता वाटतं, माझ्या आईच्या हातून आयुष्यात बिघडलेला तो एकच पदार्थ असेल, आणि त्यात तिची काय चूक? पोहे धुवायचे असतात. खोक्यावरचं इंग्रजी आमच्यातल्या कुणाला वाचता येत नव्हतं.

थोड्याशा, पसाभर पाकळ्या परातीच्या कडेला राहिल्या होत्या, त्या तिनं डब्यात भरून फळीवर ठेवल्या आणि त्यांच्याकडे पुन्हा बघितलं नाही. सकाळच्या पाळीला निघताना अण्णा दारात उभ्यानं चहा घ्यायचे. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर काही नव्हतं म्हणून त्यांनी तो डबा काढला आणि चार पाकळ्या कोरड्याच तोंडात टाकल्या. चावता चावता ते थांबले. पुन्हा चावलं, पुन्हा थांबले. मग डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले. मी बाहेर भांडी विसळत होते. मला हाक मारली, "नंदे, इकडं ये. हे खाताना आवाज येतो का गं?"

"येतो की. कुरूम कुरूम येतो," मी म्हणाले.

"मला बी यायलाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. मी घाबरले. बापाचे डोळे भरलेले मी तोवर पाहिले नव्हते.

अण्णांना कारखान्यात वस्ताद म्हणायचे ते त्यांच्या कानांमुळे, हे इथं सांगायला हवं. प्रेसवरचा माणूस कानानं काम करतो असं ते म्हणायचे. साच्याला केसाएवढी चीर गेली तर डोळ्यांना दिसत नाही, पण ठोका बदलतो. दुसऱ्या लाइनीवरची माणसं त्यांना बोलवायला यायची, "वस्ताद, जरा ऐका की." अण्णा मान तिरकी करून चार ठोके ऐकायचे आणि सांगायचे, साचा काढा. काढला की चीर सापडायचीच. आणखी एक होतं, ते जास्त महत्त्वाचं. प्रेस जुनी झाली की कधीकधी एका पेडलवर दोनदा खाली येते. दुसऱ्यांदा यायच्या आधी आतून बारीकशी टक् वाजते. ती ज्याला ऐकू येते तो हात मागं घेतो. म्हणून रबरी बुचं कुणीच घालत नसे, घातली तर तो नवखा समजला जायचा. ज्या आवाजानं कान जायचे त्याच आवाजासाठी कान उघडे ठेवावे लागायचे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कुणी बोलत नसे.

उंबऱ्यावर बसून अण्णांनी मला सांगितलं की दोन वर्षं झाली, त्यांना ती टक् ऐकू येत नव्हती. पाखरं आधीच गेली होती, नळाचं पाणी गेलं होतं, मग माणसं जायला लागली. "तुमी बोलताव ते तोंडावरनं वळकतो, साच्याची चीर हाताला लागणाऱ्या हादऱ्यावरनं," ते म्हणाले. आई रोज भांडायची की मी बोलते आणि हा माणूस भिंतीसारखा बसतो, आणि अण्णा सगळ्याला व्हय व्हय म्हणायचे, त्याचं कारण हे होतं. "पर हे यायलंय बघ. आतून यायलंय." मग त्यांनी माझं डोकं जवळ ओढलं आणि माझं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं. एक पाकळी चावली. हाडातून आवाज आला, जाडा, खरखरीत, कुणीतरी पलीकडच्या खोलीत वाळू तुडवत असल्यासारखा. आम्ही दोघं हसलो. मी तेव्हा सातवीत होते. ते म्हणाले, "आईला सांगू नगंस," आणि घाईनं सायकलवर टांग टाकून निघून गेले.

त्यानंतर आमच्या घरातून कॉर्नफ्लेक्स कधी संपले नाहीत. पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानात मोडका चुरा सुटा मिळायचा, दर रविवारी अण्णा तो कागदाच्या पुडीत आणायचे आणि घरी आला की मी तो जुन्या खोक्यात ओतायची. खोका फाटला तर कणकेची खळ लावून चिकटवायची, पण खोकाच हवा. प्रत्येकाची खायची तऱ्हा वेगळी. बाळू गुळाच्या दुधात घालायचा आणि अर्धे मऊ, अर्धे कडक अशा नेमक्या वेळी खायचा, त्यासाठी तो मोठ्यानं वीसपर्यंत आकडे म्हणायचा. आई चहात बुडवायची, जे पाव, खारी, भाकरी सगळ्याचंच करायची तसं. पुढं ती त्याचा सुरेख चिवडाही करायला लागली, न धुता, आणि पहिल्या दिवसाचा विषय काढला की लटक्या रागानं उलथनं उगारायची. मी चिमूटभर मीठ-तिखट लावून खायची. अण्णा कोरडे. दारात उभ्यानं, मूठभर, डोळे मिटून. आईला वाटायचं हे नवीनच खूळ. "देवाचं नाव घेतल्यावानी खायलेत," ती म्हणायची. मला कळायचं ते काय करताहेत. पाळीवर जाण्याआधी ते एवढंसं ऐकून घेत होते. माझ्या सुनेच्या ओट्यावर आज पाच तऱ्हेच्या बरण्या आहेत, बदामाचे, मधाचे, ओट्सचे, आणि माझी नात ते खाते तेव्हा तिच्या कानात गाण्याच्या बोंड्या असतात. मी तिला दोनदा म्हटलं, कानातलं काढून खा गं एकदा. ती हसते. तिला कसं सांगू?

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. कारखान्याला मोठ्या कंपनीचं काम मिळायचं होतं आणि त्या आधी सगळ्या कामगारांचे कान तपासायचं ठरलं. ज्याचे कान गेले असतील त्याला प्रेसवरून काढून भंगाराच्या ढिगावर लावणार, असं बोललं जात होतं. बातमी आणली कदमकाकांनी. ते अण्णांच्या शेजारच्या प्रेसवर असायचे, रत्नागिरीकडचे, तोंडानं फटकळ आणि मनानं साधे. पहिल्या तुकडीत त्यांची तपासणी आधीच झाली होती. आमच्याकडे चहा पिता पिता त्यांनी सगळं करून दाखवलं. "डोक्याला ते कर्णे लावतात. डाक्तर मधे पुठ्ठा उभा करतो नि पाठीमागं बटण दाबतो. डोळे मिटायचे. पीक् ऐकलंस की बोट वर करायचं. वस्तादाला काय, झोपेतपण पास होईल मेला." आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारली. अण्णा हसले. काकांच्या ओठांवरून त्यांना सगळं कळलं होतं.

त्या दिवसापासून अण्णांचं जेवण कमी झालं. भंगाराच्या ढिगावर जायचं म्हणजे वस्ताद म्हणून कुणी बोलवायला येणार नाही, हे मलासुद्धा समजत होतं. आणि मला, खरं सांगायचं तर, वस्तादाची मुलगी असण्याची मोठी ऐट होती. युक्ती माझी. अण्णांची नव्हे, माझीच. तपासणी रविवारी होती आणि घरच्यांनाही बोलावलं होतं, त्यांचं वजन, डोळे बघणार होते. मी म्हटलं, मी तुमचा डावा हात धरून शेजारी बसते. पुठ्ठा तुमच्या समोर असेल, मला बाजूनं डॉक्टरांचा अंगठा दिसेल. अंगठा दबला की मी तुमचा हात दाबते, तुम्ही उजवं बोट वर करा. अण्णांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. नाही म्हणाले असते तर आज मी वेगळी बाई असते. "जमंल?" त्यांनी विचारलं.

आम्ही तालीम केली. आई मंडईत गेली की कॉर्नफ्लेक्सचा खोका पाटावर उभा करायचा, तोच पुठ्ठा. त्याच्यामागे बाळू काडेपेटीवर अंगठा दाबायचा. त्याला आम्ही खेळ म्हणून सांगितलं होतं. मी दाबायचे, अण्णांचं बोट वर जायचं. बाळू लबाडी करून अंगठा नुसताच हवेत हलवायचा, तरी मी चुकले नाही. चार दिवसांत आमची अशी गट्टी जमली की हात दाबायचा आणि बोट उठायचं यात फट राहिली नाही. इतकं मन लावून मी दुसरं काहीच शिकले नाही.

डॉक्टर बाहेरचे होते, सभ्य होते. "ही कशाला बसलीय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मला सुईची भीती वाटते, मी अण्णांना सोडणार नाही." ते हसले, म्हणाले, बस, सुई नाहीच. अण्णांनी डोळे मिटले. अंगठा दबला की मी हात दाबत होते आणि अण्णांची तर्जनी सरळ वर जात होती, जाड, नखाशी काळी. शेवटी डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "इतकी वर्षं प्रेसवर काढून असे कान मी पाहिले नाहीत." ते वाक्य मी गल्लीभर सांगत फिरले. अण्णांनी येताना मला भेळ घेऊन दिली. आईला अभिमान वाटला आणि रागही आला, कारण आता हा माणूस ऐकू येऊनही बोलत नाही हे सिद्ध झालं होतं.

तपासणीनंतर चौथ्या महिन्यात अण्णांची प्रेस एका पेडलवर दोनदा खाली आली. टक् वाजली ती शेजारच्या प्रेसवरच्या कदमकाकांनी ऐकली. ते ओरडले. अण्णा पट्टी काढायला हात घालतच होते. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. डॉक्टरांपुढं वर केलेलं बोट त्या तीन बोटांत होतं.

इस्पितळात कॉटशेजारी कदमकाका आईचे पाय धरायला वाकले. "वहिनी, मी तीनदा ओरडलो ओ. पण पहिल्यांदा उशीर झाला असणार. वस्तादाचे कान, त्यानं ऐकलं नाही असं होईलच कसं? माझंच चुकलं." आई म्हणाली, "तुमचं काय चुकलं भावजी, नशीब आमचं." मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी अण्णांकडे पाहिलं, अण्णा काकांच्या ओठांकडे बघत होते, त्यांना सगळं कळलं होतं, आणि तेही बोलले नाहीत. काका गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "आईला सांगू नगंस." दुसऱ्यांदा. काकांनी पुढं प्रेस सोडली, आमच्याकडे येणं सोडलं, गावाला निघून गेले. ते वारले ते आपल्यामुळं वस्तादाची बोटं गेली असं समजून वारले. त्यांना एक पोस्टकार्ड टाकणं माझ्याच्यानं झालं नाही. माझ्या हातून झालेली पहिली चूक सातवीतल्या पोरीची होती, तिला मी कधीकधी माफ करते. हे दुसरं मात्र मी मोठी झाल्यावर, समजून उमजून केलं.

अण्णांना फाटकावर बसायला खुर्ची मिळाली. धक्क्यानं कान गेले, असं सगळ्यांनी मानलं आणि ते आम्हाला सोयीचं झालं. आता त्यांना व्हय व्हय म्हणायची गरज उरली नाही. त्यांनी कॉर्नफ्लेक्स खायचं सोडलं नाही, डाव्या हातानं खायला लागले. खोका मी फेकायला काढला होता, त्यांनी तो परत आणून फळीवर ठेवला. मी तिखटमीठ लावून खायची ती मात्र त्यानंतर खाऊ शकले नाही.  बाळूला काहीच माहीत नाही. तो चाकणला स्वतःच्या छोट्या कारखान्यात जातो, तिथल्या प्रेसला हात आत असताना खालीच येऊ न देणारी यंत्रणा आहे आणि कान झाकल्याशिवाय आत सोडत नाहीत. तो हे वाचेल तेव्हा त्याला तो काडेपेटीचा खेळ आठवेल. त्याचं मी काय करू, कळत नाही.

आई गेली आणि अण्णा माझ्याकडे आले, चिखलीतच, जिथं आमच्या पत्र्याच्या खोल्या होत्या तिथून हाकेच्या अंतरावर नवव्या मजल्यावर. शेवटी त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं ओठही दिसत नव्हते. मी रात्रंदिवस त्यांच्याशी बोलायचे. अण्णा, माझं चुकलं, हेही अनेकदा बोलले. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे, ते आपल्याच समाधानाचं असतं. त्यांना कळेल असं सांगायची चाळीस-पंचेचाळीस वर्षं मीच वाया घालवली होती. सून दुधात भिजवून मऊ केलेले कॉर्नफ्लेक्स चमच्यानं भरवायची, ते तोंड फिरवायचे. एक दिवस सकाळी म्हणाले, "कोरडे दे." दात एकही नव्हता. मी एक पाकळी जिभेवर ठेवली. ती विरघळली. ते थोडा वेळ वाट बघत राहिले आणि म्हणाले, "न्हाई यायला."

मग मी कॉटवर त्यांच्या अंगाशी बसले. एका हातात कॉर्नफ्लेक्सची पिशवी धरली, दुसऱ्या हातानं त्यांची मान उचलली आणि त्यांच्या कपाळाला कपाळ टेकवलं. पिशवी तोंडाशी नेऊन ओठांनीच मी घास उचलला, हात मोकळा नव्हता, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चावला. माझे दात अजून बरे आहेत. मी चावत राहिले. अण्णांनी डोळे मिटले होते. चादरीवर त्यांचा उजवा हात पडला होता, एकटा, मी त्याला धरलं नव्हतं, डावाही धरला नव्हता. मी चावलं की त्या उजव्या हातावरचं तर्जनीचं उरलेलं थोटूक वर उचललं जायचं. थांबले की खाली यायचं. मी मुद्दाम मधेच थांबून बघितलं, नुसता जबडा हलवून बघितलं, बाळू करायचा तसं. ते उठलं नाही. खरोखर चावलं की उठायचं. या खेपेला त्यांना कुणी खूण करत नव्हतं. पिशवी संपेपर्यंत मी खात राहिले.